उठवणं

सिग्नल लाल होता आणि बस उभी होती, इतकं तिला नक्की आठवत होतं. त्यापुढचं आठवत होतं ते थेट आवाजापासून. पत्र्याच्या डब्यावर बोटाचं पेर आपटावं तसा छोटासा आवाज, आणि पाठीमागे उभ्या माणसांचे एकदम पुढे सरकलेले पाय. मधलं काही नव्हतं. ब्रेकवरचा पाय सैल झाला असणार, बस सरकली असणार, पुढच्या टेम्पोचं दार जवळजवळ येत गेलं असणार, आणि हे सगळं तिच्या समोर, काचेपलीकडे, भर उजेडात घडलं असणार. पण ती तिथे नव्हती. कुठे होती तेही सांगता येत नव्हतं, कारण स्वप्न वगैरे काही पडलं नव्हतं. नुसतं पुसल्यासारखं झालं होतं. टेम्पोवाला उतरला, वाकून बघितलं, अंगठ्याने रंग घासला. "काही झालेलं नाही," तो म्हणाला, आणि तिच्याकडे न बघता, जणू स्वतःशीच, "सकाळी सकाळी कुठे डोक्याला ताप." तो गेला. सिग्नल हिरवा होऊन पुन्हा लाल झाला होता. बसमधलं कोणी पडलं नव्हतं, कोणाला लागलं नव्हतं. एका बाईची पिशवी कलंडून कांदे सीटखाली गेले होते आणि दोन अनोळखी माणसं गुडघ्यावर बसून ते गोळा करत होती. कंडक्टर पुढे आला. "ताई, ब्रेक?" "हो, ब्रेक," ती म्हणाली. तो मागे फिरला. पुढचा सगळा रस्ता तिने डोळे इतके ताणून धरले की कडांना पाणी आलं, आणि प्रत्येक स्टॉपवर चढणाऱ्या माणसांची तोंडं ती एकेक करून बघत राहिली. या एवढ्यांना घेऊन आपण निघतो, आणि यातल्या एकालाही ठाऊक नसतं की पुढे बसलेली बाई आहे की नाही.

शेवटच्या स्टॉपवर कंडक्टर दोन कप चहा घेऊन आला. तिने नेहमीसारखी मान हलवली. गाडीवर असताना ती काहीच पीत नसे, त्याला ते माहीत होतं, तरी तो रोज दोन कप आणायचा आणि दोन्ही स्वतःच प्यायचा. आज त्याने दुसरा कप तिच्या हातात दिला. निवृत्तीला आलेला माणूस, कमी बोलणारा. "ब्रेक चांगला आहे हो," तो म्हणाला. "मी मधल्या आरशातून बघत होतो. मान गेली होती तुमची." तिने कप दोन्ही हातांत धरला. "मी कोणाला सांगणार नाही. पण तुम्ही सांगा. आज टेम्पो होता." पुढचं त्याने चहाबरोबर गिळलं.

मान गेली होती. ती मान रात्री सरळ राहावी लागते म्हणून दिवसा जात होती. गेले कित्येक आठवडे तिची रात्र म्हणजे उठवणं झालं होतं. उशीखालचा फोन थरथरतो, आवाज नाही, नुसतं कानाच्या हाडाला हादरणं. मग अंधारात चपला न शोधता पलीकडच्या खोलीत जायचं आणि आधी लेकीच्या अंथरुणात हात घालून बघायचं. कोरडं असेल तर बरं वाटायचं नाही, उलट घाई सुटायची, आत्ताच, लगेच, नाहीतर हातातलं जाईल. मुंगीच्या काखेत हात घालून उचलायचं. दिवसा हलकी वाटणारी पोर झोपेत ओल्या पोत्यासारखी जड होते. तिची गरम मान खांद्यावर, तोंडातून थोडी लाळ, पाय लोंबते. संडासात बसवलं की तिचं डोकं बरोबर आईच्या पोटावर येऊन टेकायचं आणि तिथेच झोप पुढे चालू. "कर ना गं. श्शू कर. मुंगी, ऐकतेस ना?" नळ बारीक सोडून ठेवायचा, त्याच्या आवाजाने होईल म्हणून. कधी व्हायचं, कधी नाही. नाही झालं तर परत नेऊन ठेवायचं, आणि अर्ध्या तासात पलंगावरच सगळं. झालं तरी पहाटे चादर ओली असायचीच, जणू त्या एवढ्याशा पोटात कुठून दुसरी टाकी भरत होती. मेणकापडाचा चुरचुर आवाज, ओली चड्डी, कोरडी चड्डी, झोपेत हात वर करणारी पोर. मग स्वतःच्या पलंगावर येऊन छताकडे बघत पडायचं आणि डोळा लागतो न लागतो तो पुन्हा थरथर.

मुंगी सहा वर्षांची. लहानपणी जमिनीवर साखरेचा कण दिसला तरी बरोबर शोधून काढायची म्हणून मुंगी. दिवसाचं तिने तीन वर्षांची व्हायच्या आतच शिकून घेतलं होतं, न शिकवता म्हणावं इतकं सहज. एक दिवस स्वतःच भांड्यावर जाऊन बसली आणि सगळ्यांना हाक मारून दाखवलं. रात्रीचं मात्र कधी झालंच नाही. होईल होईल म्हणून कोणी मनावर घेतलं नव्हतं. मग या वर्षी मावशीने सुट्टीत राहायला बोलावलं. मावशीची मुलगी मुंगीच्याच वयाची, दोघींनी एका पलंगावर झोपायचं ठरवलं, कुशीत घ्यायचं कापडी अस्वल कोणाचं यावरून फोनवर वादही झाला. आणि निघायच्या आदल्या दिवशी मुंगी म्हणाली, माझं पोट दुखतंय. पोट दुखत नव्हतं. ती पलंगाच्या कडेला बसून बॅगेकडे बघत होती आणि बॅगेत सगळ्यात वर तिने स्वतःच मेणकापड घडी करून ठेवलं होतं, आणि मग परत बाहेर काढलं होतं. त्या दिवशी आईने ठरवलं. आता बास. हे आपण करून दाखवायचं. माणसं मुलांना पोहायला शिकवतात, सायकल शिकवतात, यात काय आहे.

सल्ल्यांना तोटा नव्हता. तिची आई फोनवर म्हणाली, "तू तर दीड वर्षाची असताना रात्रभर कोरडी असायचीस. मी उठवायचे ना. संध्याकाळनंतर पाणी बंद, आणि रात्री दोनदा उठवायचं. अंगाला वळण असं लागतं." ती म्हणाली होती, "माझं सोड गं. मला तर अजूनही वळण आहे. ड्यूटीवर पाणी पीतच नाही, म्हणजे प्रश्नच नाही." दोघी हसल्या होत्या. ते खरंच होतं. नोकरीच्या पहिल्या वर्षातच ती ते शिकली. शेवटच्या स्टॉपवरच्या संडासाला कुलूप, पुरुष ड्रायव्हर बसच्या आडोशाने भिंतीकडे तोंड करून उभे राहतात, ती कुठे जाणार? पहिले काही महिने ओटीपोटात दगड घेऊन गाडी चालवली. खड्डा आला की दगड हलायचा. मग तिने पाणीच सोडलं. पहाटे उठल्यापासून घरी येईपर्यंत जीभ टाळूला चिकटलेली, पण हात स्टिअरिंगवर ढिम्म. डेपोतल्या बायका-माणसांत तिला याचा थोडा अभिमानही होता. शरीर म्हणजे काय, सांगितलेलं ऐकणारी वस्तू. म्हणून पहाटे ओल्या चादरीवर हात पडला की तिला जे वाटायचं ते नुसतं दमणं नसायचं. त्यात एक अविश्वास असायचा. इतकं कसं धरता येत नाही? एकदा तिने तसं म्हटलंही होतं, मोठ्याने नाही, चादर ओढता ओढता, स्वतःशी पुटपुटल्यासारखं. मुंगी भिंतीला टेकून उभी होती. ती चादरीकडे बघत नव्हती, आईच्या तोंडाकडे बघत होती, आणि ते बघणं इतकं लक्षपूर्वक होतं की आईने पाठ फिरवली.

डेपोत परतल्यावर ती कंट्रोलरच्या खिडकीपाशी गेली आणि म्हणाली, "मला गाडीवर झोप लागली." तिला वाटलं होतं हे वाक्य जड जाईल, पण ते सहज बाहेर पडलं, थुंकल्यासारखं. कंट्रोलर ओशाळला. आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. "बरं," तो म्हणाला, "सांगितलंत ते बरं केलंत. डॉक्टरांना दाखवून या. तोवर गाडी नाही."

डेपोचे डॉक्टर म्हातारे होते, त्यांच्या खोलीत डिझेल आणि स्पिरिट यांचा मिसळलेला वास होता. त्यांनी डोळे बघितले, रक्तदाब बघितला, आणि विचारलं, "रात्री काय करता?" प्रश्न साधा होता, पण तिला वाटलं ते भलतंच काही विचारताहेत. "मुलीला उठवते," ती म्हणाली, आणि मग थांबताच येईना. नळाचा बारीक आवाज, मेणकापड, जड पोर, मावशी, बॅग, सगळं ती सांगत गेली. नवऱ्यालाही तिने हे असं सलग कधी सांगितलं नव्हतं. त्याच्याशी बोलणं व्हायचं ते दारात. तो बेकरीत रात्रपाळीला, पहाटे तो यायचा आणि ती निघायची, एकाने दार उघडलेलं असायचं तेच दुसरा लावून घ्यायचा.

"ती उठते का?" डॉक्टरांनी विचारलं.

"हो, मी उठवते ना."

"तुम्ही उठवता. पण ती उठते का? डोळे उघडते, बोलते, सकाळी तिला आठवतं?"

"नाही."

"म्हणजे उठता तुम्ही." ते हसले नाहीत. "तिला तिचं अंग रात्री अजून हाक मारत नाही. पुढे मारायला लागेल. पुष्कळ मुलांचं या वयात असंच असतं. ती करत नाही हो, तिला होतं. तुम्ही हाका मारून ते लवकर येत नाही. दिवसा पाणी भरपूर प्यायला द्या, पोट साफ राहतंय ना बघा, झोपायच्या आधी एकदा बसवा, खाली मेणकापड घाला आणि दोघी झोपा. वर्षभराने बघू काही करावं लागलं तर." मग चष्मा पुसत म्हणाले, "घरात आणखी कोणाला होतं का असं?"

"नाही."

"नवऱ्याला विचारलंत?"

विचारलं नव्हतं. असं काही विचारायचं असतं हेच सुचलं नव्हतं.

ती भर दुपारी घरी आली तेव्हा नवरा झोपला होता. पडदे ओढलेले, कानाच्या पाळीमागे पिठाची बारीक रेघ, जी आंघोळीनंतरही राहायची. तिला बघून तो दचकून उठून बसला. "काय झालं?" तिने बसचं सांगितलं. त्याने तिचा हात धरला, मनगट, बोटं, कोपर असं चाचपून बघितलं, काही मोडलंय का बघितल्यासारखं. मग तिने विचारलं. बाहेर कोणीतरी गालिचा झटकत होतं, त्याचे एकसारखे धपके येत होते. "चौथीत होतो," तो शेवटी म्हणाला. "चौथी संपेपर्यंत व्हायचं. मग आपोआप थांबलं."

"आणि तू इतके दिवस बघत होतास?"

"मला वाटलं, सांगितलं तर तू म्हणशील, तुझ्याकडूनच आलंय."

"म्हटलं असतं," ती म्हणाली.

"तेच." तो उशीच्या अभ्र्याची कड बोटाने सरळ करत होता. "माझे बाबा चादर खिडकीत टाकायचे. मागच्या नाही, पुढच्या. शाळेतली पोरं खालून जायची. मी तुला एवढंच सांगायला हवं होतं की खिडकीत टाकू नकोस. पण तू टाकत नव्हतीसच. मग म्हटलं, कशाला." तिला राग आला होता. तो नीट, पूर्ण आकाराचा राग होता, एरवी त्यावर चांगलं दोन दिवसांचं भांडण झालं असतं. पण भांडायलाही अंगात काहीतरी लागतं. ती त्याच्या शेजारी पाय वर न घेता आडवी झाली, आणि त्याच्या अंगाला येणाऱ्या भाजल्या पिठाच्या वासात तिला पहिल्यांदा त्याचं लहानपण दिसलं: खिडकीखालून जाताना मान वर न करणारा एक मुलगा. इतक्या वर्षांत त्याने आपल्याला गणितात नापास झाल्याचं सांगितलं, आधीच्या मोडलेल्या लग्नाचं सांगितलं, आणि हे नाही सांगितलं.

शाळा सुटायच्या वेळी ती स्वतः गेली. एरवी नवरा जायचा. फाटकाशी वर्गाच्या बाईंना तिला ओळखायला क्षण लागला. "बरं झालं भेटलात," त्या म्हणाल्या. "हल्ली तिचं डोकं दुखतं म्हणते. आणि पाण्याची बाटली रोज भरलेलीच परत जाते, तुमच्या लक्षात आलं असेल." लक्षात आलं नव्हतं. नवऱ्याला वाटायचं, शाळेत परत भरून घेते. तिला काहीच वाटायचं नाही, कारण बाटली घासताना ती अर्धी झोपेत असायची. मुंगी आली, दप्तर एका खांद्यावर, आईला बघून आधी घाबरली, मग हसली. हसताना खालच्या ओठावरची भेग ताणली गेली आणि तिने ती जिभेने चाटली. आईने दप्तरातून बाटली काढली. सकाळी भरली तशी, झाकणाच्या काठापर्यंत.

रस्त्याच्या कडेला एका बंद दुकानाच्या पायरीवर दोघी बसल्या. "पाणी का नाही प्यायलीस?"

"नको होतं."

"मी संध्याकाळनंतर नको म्हटलं होतं. दिवसा प्यायचं असतं."

मुंगीने विचार केला. तिला आईची चूक दिसत होती, पण ती आईला वाईट वाटू न देता दाखवायची होती. "दिवसाचंच पाणी रात्री येतं ना," ती म्हणाली. "दुसरं कुठून येणार?"

आईने बाटली हातात फिरवली.

"आणि तू पण नाही पीत. बसमध्ये. तूच आजीला सांगत होतीस. पाणी पीतच नाही म्हणजे प्रश्नच नाही." आईचे शब्द तिने आईच्याच सुरात म्हटले, शेवटी येणाऱ्या त्या छोट्या हसण्यासकट.

समोरून एक बस गेली, दुसऱ्या डेपोची, दारात माणसं लटकलेली. ती बसकडे बघत राहिली, कारण मुलीकडे बघणं शक्य नव्हतं. ही पोर रोज वर्गात बसून, तोंड कोरडं घेऊन, डोकं दुखत असताना, एकटीने आपलं काम करत होती. आईचं काम सोपं व्हावं म्हणून. आणि आई रात्री अंधारात नळ सोडून तिला ओरडत होती, कर ना गं. आत तिला काय काय वाटलं त्याला नाव नव्हतं. ओटीपोटातला जुना दगड तेवढा ओळखीचा होता, आणि आत्ता तिथे काही नसूनही तो हलला. तिने बाटलीचं झाकण उघडलं आणि आधी स्वतः प्यायली, घटाघट, श्वास न घेता, हनुवटीवरून ओघळ गळ्यात जाईपर्यंत. मग बाटली मुंगीकडे दिली.

"किती पिऊ?"

"तहान लागली असेल तेवढं."

मुंगीने बाटली दोन्ही हातांत धरली आणि तिच्यात डोकावून बघितलं. "लागलीये की नाही ते कळत नाही," ती म्हणाली.

"मलाही कळत नाही हल्ली," आई म्हणाली. "आपण थोडं थोडं पिऊन बघू."

फोनचा गजर तिने त्याच रात्री काढून टाकला. पण अंगाने तो काढला नाही. ठरलेल्या वेळी डोळे आपोआप उघडायचे, कानाचं हाड थरथरल्यासारखं वाटायचं, आणि ती पडून राहायची. पलीकडच्या खोलीत आत्ता काय होत असेल ते न बघता पडून राहणं हे उठण्यापेक्षा अवघड निघालं. सकाळी चादर ओलीच असायची. कुठल्याही जादूने काही झालं नाही. फरक पडला तो पहाटेच्या त्या बघण्यात, आणि तोही हळूहळू. मुंगी अजून आधी आईचं तोंड बघायची, आणि आईला आपलं तोंड कसं ठेवावं ते कळायचं नाही. हसलं तर खोटं दिसायचं. मग तिने तोंडाचा विचार सोडला आणि चादरीचं एक टोक मुंगीच्या हातात दिलं. दोघी मिळून काढायच्या, जशी भांडी पुसतात किंवा सुकलेले कपडे गोळा करतात. नवऱ्याने एका दुपारी मुंगीला काहीतरी सांगितलं, दार लोटून. काय ते तिने विचारलं नाही. संध्याकाळी मुंगी म्हणाली, "बाबा चौथीपर्यंत," आणि पुढे काही न बोलता चित्र रंगवत बसली. मावशीला आईने फोनवर सगळं सरळ सांगून टाकलं. मावशी म्हणाली, पाठव गं, मी काय चादर धुणार नाही का. पण नंतर आलेल्या सुट्टीतही मुंगी गेली नाही ती नाहीच. पुढच्या वेळी, म्हणाली.

गाडी परत मिळाली तेव्हा ती कंट्रोलरच्या खिडकीपाशी पुन्हा गेली. "शेवटच्या स्टॉपवरच्या संडासाची किल्ली हवी."

"ती कोणाकडे असते ते बघायला लागेल," तो म्हणाला. "आजवर कोणी मागितली नाही."

"मी मागतेय."

किल्ली मिळायला बराच काळ गेला. तिला सुतळीने लाकडाचा एवढा मोठा ठोकळा बांधला होता की खिशात मावेना. आतला नळ गंजलेला, कोळ्यांची जाळी, पण दाराला कडी होती. कंडक्टर आता खरोखरीच दोन माणसांचा चहा आणायचा. दुसरा कप गेल्याचं त्याला थोडं वाईट वाटत असावं.

आणि मग कधीतरी, कोणी वाट बघत नसताना, एका दुपारी ती ड्यूटीवरून घरी आली. नवरा झोपलेला होता. मुंगी स्वयंपाकघराच्या ओट्याखाली बसून खडू मोडत होती. वर न बघता ती म्हणाली, "बाबांनी आज कोरडी चादर धुतली."

तिला आधी कळलं नाही. "म्हणजे?"

"मी झोपले होते. बाबा आले आणि त्यांनी मला उचलून तुझ्या पलंगावर ठेवलं आणि चादर मशीनमध्ये टाकली. मी उठल्यावर सांगितलं, ओली नव्हती. तर मशीन फिरत होतं." तिने खडूचा तुकडा कागदावर घासून बघितला. "ते म्हणाले, आता भिजली."

आईने पर्स खाली ठेवली. काहीतरी म्हणायला हवं होतं, शाबास, किंवा तसंच काही, पण ओट्याखालची पोर कशाचीही वाट बघत नव्हती. तिने एक गंमत सांगितली होती आणि ती आता पिवळा शोधत होती. आई बाल्कनीत गेली. दोरीवर ती एकच चादर होती, निळ्या बोटींची. उन्हाकडची बाजू वाळली होती, मधली घडी अजून ओली होती. तिने घडी उघडून चादर सारखी केली, कोपरे ओढले, चिमटे बदलून लावले, आणि तिथेच कठड्याला टेकून उभी राहिली. आतून नवऱ्याचं घोरणं येत होतं. उद्या पुन्हा ओली निघाली तर निघाली. तिचे डोळे मिटत होते आणि या वेळी तिने ते मिटू दिले.